एकाच अंगणाचे तीन फोटो

फोटो काढायचा म्हटला की आमच्याकडची माणसं आधी तोंड धुतात. डिचोलीच्या बाजारात वडिलांचा स्टुडिओ होता आणि त्यांच्यामागे तो मी चालवला. तेव्हा एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं. तरी फसले.

बाईमाणसाने लग्नाचे फोटो काढावेत, इथपर्यंत लोकांनी मला चालवून घेतलं होतं. खाणीच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरू लागले तेव्हा मात्र शेजारचा दुकानदार म्हणाला, नसती उठाठेव कशाला? मी म्हटलं, उठाठेव माझी, डोळे माझे, रोलही माझाच. गोवा म्हणजे समुद्र आणि माड असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल तसले फोटो काढावेत. माझ्या तालुक्यात समुद्र नाही. खनिजाचे ट्रक आहेत, आणि त्यांच्या वाटेवर माणसांची घरं आहेत.

त्यातलंच एक घर, मी जिला मावशी म्हणायचे तिचं. ती सावंतवाडीकडची, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा गेल्यावर एकटीच राहायची. दारासमोरून दिवसभर भरलेले ट्रक जात आणि धूळ इतकी उडे की मुलगा म्हणू लागला, घर बंद कर आणि म्हापशाला माझ्याकडे चल. तिला जायचं नव्हतं. तिने पंचायतीत अर्ज दिला, की ट्रक झाकून न्या आणि रस्त्यावर पाणी मारा. कंपनीच्या साहेबाने कळवलं, धूळ वगैरे काही नाही, म्हातारीचा कांगावा आहे. पंचायतीने बैठक ठरवली. मी मावशीला म्हटलं, फोटो मी काढते.

ठरल्या दिवशी सकाळी रंगीत रोल भरून पोचले आणि कपाळावर हात मारला. मावशीने पहाटे उठून सगळं घर धुऊन काढलं होतं. अंगण सारवलेलं, दारातला बसायचा सोपा पुसलेला, जनेलांच्या काचा लख्ख. तुळशीचं पानन् पान धुतलेलं. आणि स्वतः ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून तयार.

मी चिडले. "मावशी, आपल्याला धुळीचा फोटो काढायचाय. आता साहेब म्हणेल, बघा, घर कसं आरशासारखं आहे."

"कंपनीन धूळ घातली म्हणान मी लोकांपुढे मळक्या घरात उभी रवू?" ती म्हणाली. "तुझो बापूस माझ्या झिलाच्या बारशाचो फोटो काढूक इल्लो, तेव्हाय मी आंगण सारवन ठेवलेला. काढूचो तर असोच काढ. नायतर घराक जा."

राग आला, आणि लाजही वाटली. मी तिची दैना दाखवायला आले होते, आणि तिला कोणाची कीव नको होती. निमूट स्टँड लावला. ती सोप्यावर ताठ बसली, मी फोटो काढला.

तेवढ्यात पहिला ट्रक गेला. त्याच्या मागून दुसरा. सोप्यावर तांबूस थर धरू लागला तशी ती फडकं घ्यायला उठली. मी तिचा हात धरला. "मावशी, आजचा दिवस पुसू नको."

"हात खाजतले गो माझे," ती म्हणाली. पण बसली. दिवसभर सोप्यावर बसून माडाच्या हिरांच्या केरसुण्या बांधत राहिली. मला तिने पेज आणि लोणचं वाढलं. स्टँड मी तसूभरही हलवला नाही, कॅमेऱ्यावर नुसती पिशवी घालून ठेवली. पाच वाजता तिथूनच दुसरा फोटो काढला. तुळस तांबडी, सोपा तांबडा, पातळ तांबडं. ती तशीच ताठ.

बैठकीत साहेबाने सकाळचा फोटो हातात घेतला आणि हसला. "पाहा, किती स्वच्छ घर." मी दुसरा त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोन्ही निरखले आणि म्हणाला, "ही धूळ तुम्हीच टाकलेली असणार."

माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार तोच मावशी उठली.

"साहेबानू, उद्या सकाळी येवा. पांढरो शर्ट घालून येवा. दारात कदेल घालून ठेवतंय, सांजेपर्यंत बसा. जेवाण माझ्याकडे. शर्टार काय पडता ता मगे दोघाय बघूया."

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात कदेल, म्हणजे घरातली लाकडी खुर्ची, मांडली, घासूनपुसून. तांदूळही दोघींपुरते नाही, तिघांपुरते घेतले. मी सकाळपासून स्टँड लावून बसले. साहेब आला नाही. पाच वाजता मी रिकाम्या कदेलीचा फोटो काढला. बसायच्या जागी बोट फिरवलं असतं तर नाव लिहिता आलं असतं, एवढी धूळ.

ते तिन्ही फोटो मोठे करून मी स्टुडिओच्या काचेत लावले, नवरानवरीचे फोटो उतरवून. काढून टाक म्हणून निरोप आले. काढले नाहीत. पुढे ट्रकांवर ताडपत्र्या आल्या, पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी नाही. रस्ता मात्र तिथेच राहिला, आणि मावशीही.

रिकाम्या कदेलीचा फोटो काढला त्या संध्याकाळी मी सामान आवरत होते, तर ती फडकं घेऊन कदेल पुसायला लागलेली. मी म्हटलं, "आता कशाला मावशी? तो काही येत नाही."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "उद्या इलो तर मळकी कदेल दिवू त्येका? घर माझा आसा."