पुतळ्यावरच्या टाचण्या

“सिस्टर, आज आपण कुणाचे पाहुणे?”

मागच्या सीटवरून काका रोज सकाळी हे विचारायचे. मावशी पुढे, माझ्या शेजारी, मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलेली असायची. पुठ्ठ्यावर वर्षभराचा बेत, आणि त्यावर इतकी खाडाखोड की मूळ बेत कुठला हे ओळखायला काकांना चष्मा लागायचा.

माझी मावशी नर्स. काका पंपापासून पत्र्याच्या छपरापर्यंत काहीही दुरुस्त करणारे. बायकोला ते आजही ‘सिस्टर’ म्हणतात, कारण पहिल्या भेटीत तिने त्यांच्या दंडात सुई खुपसली होती. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात दोघं मिशनच्या कामाला म्हणून डोंगरावरच्या एका गावात गेली आणि एकतीस वर्षांत तिथलीच झाली. चार खाटांचा दवाखाना, एक पंप, एक लहानसं प्रार्थनाघर. आम्ही घरात त्या गावाला नुसतं ‘वर’ म्हणतो.

मिशनची रीत अशी की दर पाच वर्षांनी एक वर्ष खाली यायचं. ज्या मंडळींनी, ज्या कुटुंबांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली, औषधं नि पांघरुणं पाठवली, त्यांच्या घरी जायचं, कामाची हकिगत सांगायची आणि मग परत वर. या खेपेला काकांना गाडी चालवायची मनाई होती, म्हणून चालक मी.

मनाई डॉक्टरीणबाईंनी केली होती. खाली आल्या आल्या तपासणीत काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं. “गाडी नको. आणि उंचीवर राहणं तर मुळीच नको,” त्या म्हणाल्या. “औषधं घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

त्या ‘पुन्हा बघू’ला मावशीने घट्ट धरलं. तपासणी होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, हा तिचा हुकूम. तिला वर परत जायचं होतं. बाकी सगळं तिच्या दृष्टीने प्रवासातली गैरसोय.

आणि गैरसोयींना तोटा नव्हता. एका गावी पोचलो तर चर्चच्या पाळकसाहेबांची आदल्या दिवशीच बदली झालेली. एका घरी यजमानीणबाईंना जुळं झालेलं, “नर्सच आलीये, देवानेच धाडली!” म्हणत सासूबाईंनी मावशीच्या हातात एक आणि काकांच्या हातात दुसरं बाळ दिलं, आणि आमचा दोन दिवसांचा मुक्काम आठ दिवसांचा झाला. एकदा पूल बंद म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत झोपलो. कोपऱ्यात सांगाडा होता. काका त्याला म्हणाले, “तुम्हीही डॉक्टरीणबाईंचेच पेशंट का?”

प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कार्यक्रम ठरलेला. पडद्यावर चित्रं, मावशीचं बोलणं, तिसऱ्या चित्राला काका हळूच खुर्चीवर बसणार, आणि शेवटी मावशी म्हणणार, “पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा वर असू. प्रार्थना करत राहा.”

गाडीत बसलं की काका सुरू. “ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे! अगं, ती माणसं देवाकडे काय मागू ते विचारतायत, आणि तू खरं दुखणंच सांगत नाहीस.”

“तुम्ही गप्प बसा. गोळी घेतलीत?”

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वर राहायला जाणं विसरा,” त्या म्हणाल्या. “यात मला तडजोड करता येणार नाही.” हे त्या मावशीकडे बघून बोलल्या.

गाडीत मावशीने पुठ्ठा पुन्हा मांडीवर घेतला. मग म्हणाली, “मी सहा महिने एकटी वर जाईन, सहा महिने तुमच्याजवळ. धाकटीवर सगळं टाकून कसं चालेल?”

धाकटी म्हणजे त्यांच्या दवाखान्यातली नर्स. चौदाव्या वर्षी तुटका हात घेऊन आली, हात बरा झाला तरी घरी गेली नाही. मावशीने शिकवलं, मग शिकायला खाली पाठवलं, आणि ती शिकून परत वर गेली. आता तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते. तरी मावशीच्या लेखी ती धाकटीच.

काकांनी कुणी न विचारता गोळी घेतली. काका आपणहून गोळी घेतात, म्हणजे प्रकरण गंभीर.

त्या आठवड्यातला कार्यक्रम रद्द झाला, सभागृहात रंगकाम निघालं होतं. मोकळा दिवस मिळाला म्हणून मावशी म्हणाली, “टेलरबाईंकडे जाऊ.”

टेलरबाई पंच्याऐंशीच्या. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी शिवणाचं मशीन, आणि शेजारी कपडे बेतायचा, डोकं नसलेला धडाचा पुतळा. वरच्या दवाखान्यात जन्मलेलं प्रत्येक बाळ टेलरबाईंनी शिवलेलं झबलं घालून घरी गेलं होतं. प्रत्यक्ष भेट मात्र आजवर दोनदाच झालेली.

काका जिन्यात दोनदा बसून वर आले. आत शिरलो आणि मी त्या पुतळ्याकडे बघतच राहिले. गळ्यापासून कमरेपर्यंत कागदाच्या पट्ट्या. प्रत्येकीला एक टाचणी. वारा आला की सगळा पुतळा शहारायचा.

“ही तुझीच पत्रं गं,” टेलरबाई मावशीला म्हणाल्या. “तू शेवटी लिहितेस ना, अमुकसाठी प्रार्थना करा म्हणून? तेवढं कापते, टोचते. रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी वरपासून खालपर्यंत म्हणते. काम झाल्याचं कळलं की टाचणी काढायची.” त्यांनी टाचण्यांची डबी उचलली. “पण तू कळवतच नाहीस.”

मावशीचा चहा हातातच राहिला.

“आता आलीच आहेस तर सांग. पंप अजून बंदच का?”

“पंप?” मावशी काकांकडे बघायला लागली. “अहो बाई, तो नऊ वर्षांपूर्वीच सुरू झाला.”

“नऊ वर्षं मी देवाला चालत्या पंपासाठी पिडतेय?”

“म्हणूनच तो नंतर एकदाही बिघडला नाही,” काका म्हणाले. “मला वाटत होतं, माझं कसब.”

टेलरबाई पोटभर हसल्या. “काढ पोरी, काढ टाचणी. गुडघा?”

“बरा झाला. कधीच.”

“छप्पर?”

“घातलं.”

“सरपंचाची सून?”

“सुखरूप. तिची मुलगी आता आमच्याच प्रार्थनाघरात गाते. सुरात नाही, पण गाते.”

मावशी एकेक टाचणी काढत होती, टेलरबाई डबी पुढे धरत होत्या, टकटक आवाज येत होता. मी मोजायचं सोडून दिलं. मावशीचा चेहरा आधी ओशाळा होता. मग हळूहळू तिला ते सगळं एकदमच दिसायला लागलं असावं. “किती झालं की,” ती स्वतःशीच म्हणाली. “किती झालं सगळं. मला मागायची घाई, आणि सांगायचा आळस.”

शेवटी गळ्याशी एकच पट्टी उरली. पिवळी पडलेली, टाचणी गंजलेली.

“ही तुझ्या पहिल्या पत्रातली,” टेलरबाई म्हणाल्या आणि न बघता पाठ म्हटली, “‘आमच्या हातून इथलंच कोणीतरी असं घडो की एक दिवस आमची गरज उरू नये.’ हिचं काय?”



“ते अजून व्हायचंय,” मावशी म्हणाली.

“बरं.”

“म्हणजे धाकटी आहे. पण अवघड बाळंतपण आलं तर...”

“सिस्टर,” काका म्हणाले, “मागच्या महिन्यात पायाळू बाळ कोणी सोडवलं?”

“तिने.”

“तू कुठे होतीस?”

“गाडीत.”

“गाडीत घोरत होतीस. फोन दुसऱ्या दिवशी आला, आणि तोही पेढ्याच्या सुरात.”

मावशी हसली नाही. उभी राहिली, पट्टीवर हात ठेवला, आणि तशीच थांबली. मी एवढी शूर बाई टाचणीला घाबरलेली पहिल्यांदाच पाहत होते. टेलरबाईंनी घाई केली नाही. त्या दोरा ओवत बसल्या.

मग मावशीने टाचणी उपसली. गंजामुळे जोर लावावा लागला.

“झालंय,” ती म्हणाली. “कधी झालं तेच माझ्या लक्षात आलं नाही.” डोळे पुसायला तिने पदर शोधला, मिळालं ते टेलरबाईंनी पुढे केलेलं अर्धवट शिवलेल्या झबल्याचं कापड.

“आता नवं काय टोचू?” टेलरबाईंनी विचारलं. “आणि या खेपेला खरं सांग.”

मावशीने काकांच्या हृदयाचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या जवळपास राहायला पायऱ्या नसलेली जागा हवी, हेही सांगितलं. काका खिडकीबाहेर बघत नाक ओढत होते. “धूळ फार आहे इथे,” म्हणाले. त्या खोलीत सुईच्या टोकावर मावेल एवढीही धूळ नव्हती.

तिथूनच मावशीने वर फोन लावला. स्पीकरवर टाकला, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“धाकटे, आम्ही राहायला परत येत नाही. काकांची तब्येत. दवाखाना आता तुझा. कसा चालवायचा ते तू ठरव.”

पलीकडून भीतभीत आवाज आला. “मावशी, रागावू नका हं. तुमच्या खोलीत मी दोन खाटा टाकल्या आहेत. तीन आठवडे झाले. पेशंट मावत नव्हते. सांगायचं धाडस होत नव्हतं.”

काकांनी तोंडावर हात दाबला. मावशीने डोळे मिटले, क्षणभरच.

“डोकी खिडकीकडे केलीस ना? भिंतीकडे ओल येते.”

“खिडकीकडेच केली.”

“मग बरोबर केलंस,” मावशी म्हणाली. “आणि ऐक, यापुढे पत्रं तू लिहायची. काय हवं ते मागायचं. पण काम झालं की आधी टेलरबाईंना कळवायचं.”