काऊन?

भाऊ गेला त्या दिवशी मी शाळेत भूगोल शिकवत होतो. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "गुरुजी, घरी चला."

माझा थोरला भाऊ गोंदियाच्या रेल्वे संघातून हॉकी खेळायचा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत रेल्वेने त्याला लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून घेतले, ते खेळासाठीच. त्याने कधी गोल केला नाही. आमचा लेफ्ट विंगर अंगाने किरकोळ होता. त्याच्या नडगीवर कोणी स्टिक मारली की भाऊ आपली जागा सोडून त्या माणसाकडे चालत जाई, अगदी जवळ उभा राही आणि विचारी, "काऊन?" उत्तर पटले नाही तर पुढच्या चेंडूला खांदा असा लागे की तो माणूस मुरमावर लोळे.

"गोल करावाले लय आहेत," तो म्हणे. "माहं काम येगळं हाये."

ते काम त्याच्याइतके चोख करणारा मी दुसरा पाहिला नाही. घरी मी जेवण टाकून वाचत बसलो की दारात उभा राहून तो मलाही तेच विचारी.

एका सामन्याला नागपूरहून अँग्लो-इंडियन अंपायर आला होता. भाऊने "काऊन?" विचारताच त्याने शिट्टी फुंकली.

"तुम उसको काऊ बोला! बाहर जाओ!"

लोक गाईसारखे हंबरू लागले. भाऊ हसला नाही. नोकरी अजून कच्ची होती. शिवीगाळीचा रिपोर्ट वर गेला असता तर ती गेलीच असती.

चारचौघांत न बोलणारा मी चुन्याची रेघ ओलांडून आत गेलो आणि इंग्रजीत सांगितले, "साहेब, ही शिवी नाही. आमच्याकडे 'का' विचारायचे तर 'काऊन' म्हणतात. तो कारण विचारतो आहे."

"आणि कारण कळल्यावर काय करतो?"

"ते कारणावर आहे, साहेब."

अंपायर हसला. मग स्टिक मारणाऱ्याकडे वळून म्हणाला, "जवाब दो इसको."

"गलती हो गई," तो पुटपुटला.

भाऊ माझ्याजवळ आला. "काय सांगतलं मास्तर त्याले?"

"खरं ते."

"खरं? मंग गेली समज नोकरी."

नोकरी गेली नाही, पक्की झाली. गुडघ्याने साथ दिली तोवर तो खेळला.

त्याची स्टिक माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून आहे. घरात आता 'काऊन' म्हणणारे कोणी नाही.