पंपापाशी पेरलेला डॉलर

व्हर्लिन हॉस्टेटर माझा शेजारी. इंडियानातल्या आमच्या गावात मातीवरून इतकं डोकं खाणारा दुसरा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यानं मेटल डिटेक्टर घेतला आणि कानाला हेडफोन, कमरेला खुरपं अशा थाटात नाणी शोधत हिंडायला लागला. "नाणं किती जुनं ते सोडा, माती कुठली ते बघा," हे तो न्हाव्याकडेसुद्धा ऐकवायचा. काळ्या भुसभुशीत मातीत गांडुळं पोखरत राहतात, नाणं हळूहळू वीतभर खाली जातं. घट्ट चिकणमातीत ते ठेवलं तिथेच राहतं. आम्ही जांभया द्यायचो.

हे सगळं तो शिकला एका नाण्यापायी. त्याची मुलगी ज्यूनी सहा वर्षांची असताना आजोबांनी तिला चांदीचा डॉलर दिला होता. पोरीनं तो बी समजून अंगणात पेरला. झाड आलं की सगळ्यांना वाटणार होती. त्याच हिवाळ्यात ती न्यूमोनियानं गेली. कुठे पेरलास, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हातारपणी त्याची बायको ओपल अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरांनी हात टेकले. तिची इच्छा एकच होती, तो डॉलर हातात घेऊन जायची. व्हर्लिननं भाजीचे सगळे वाफे उकरले. ओपल खिडकीतून ओरडायची, "अरे, पंपापाशी बघ!"

"तिथे विहिरीतून काढलेली चिकणमाती आहे, दगडासारखी. तिथे कोण पेरेल?"

"सहा वर्षांच्या पोरीला माती कळते होय रे? पाणी जवळ, म्हणून तिथेच पेरणार ती."

"बघितलं तिथे. दोन बोटं खाली काहीतरी ठणठणतंय. बिअरच्या डब्याची कडी असणार. इतका जुना डॉलर इतक्या वर असतो का कधी?"

"मग काढून बघ ना, शहाण्या!"

"कचरा खणत बसायला मी काय नवशिका आहे?"

मला अजून संताप येतो तो याचाच. गावभर चिकणमातीचं पुराण सांगणारा हा माणूस स्वतःच्या अंगणात मात्र नाण्याचं वय मोजत बसला. ओपल एप्रिलमध्ये गेली, रिकाम्या हातानं.

दफन झालं, पाहुणे पांगले. तो पंपापाशी उभा होता. मी वैतागून म्हणालो, "ती कडी तरी उपट एकदाची."

त्यानं खुरपं मारलं. ढेकळाबरोबर काळं पडलेलं, गोल, जड काहीतरी वर आलं. त्यानं ते थुंकी लावून शर्टाला पुसलं. डॉलरवरच्या गरुडाचा पंख दिसला.

"दोन बोटं," तो म्हणाला. "ती सांगत होती रे मला." आणि तिथेच खाली बसून तो हमसाहमशी रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. ओपलचा हात जिथे असेल तिथल्या मातीत त्यानं डॉलर बोटानं दाबला.

"आणखी खोल घाल," मी म्हणालो. "कोणीतरी काढून नेईल."

"नको. नवी माती आहे, भुसभुशीत. आपणच जाईल तिच्यापर्यंत."

मग खिशातून बाटली काढून त्यानं पंपाचं थोडं पाणी त्या जागेवर घातलं.