न पोचलेल्या मेलचा आरोपी

त्या तक्रारीची आठवण आली की आजही माझा हात आपोआप कपाळाकडे जातो.

लोणावळ्यातली माझी नोकरीची शेवटची वर्षं. कुरवंड्यात पर्यटकांसाठी तंबू लावणारे एक भाऊ आमच्या पोलीस ठाण्यात आले आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "सायेब, माझे मेल कुनीतरी चोरतंय!"

एका कॉलेजची चाळीस जणांची सहल त्यांच्याकडे ठरत होती. भाऊंनी तीनदा मेल केला, कॉलेजला एकही मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत लेखी आलं नाही, तर सहल दुसरीकडे जाणार होती. भाऊंचा संशय औंढ्याच्या तंबूवाल्यावर. त्याच्याकडे कुणी कॉम्प्युटरवाला ये-जा करतो, अशी खबरही आम्हाला मिळाली.

त्या तंबूवाल्याला चौकशीला आणलं.

"कॉम्प्युटरवाला कशाला येतो?"

"क्यामेरा दुरुस्तीला. सायेब, मला माझाच पासवर्ड आठवत न्हाई, ह्यांचा कुटनं आनू?"

बाहेरून भाऊ गरजले, "गुन्हा नोंदवा!"

"लेखी तक्रार कुठंय?"

"परवाच मेल केलीय की ठाण्याला!"

आमच्या महिला हवालदारांनी स्पॅमचा, म्हणजे नकोशा मेलचा, कप्पा उघडला. तक्रार तिथेच पडलेली! खाली भाऊंचीच आमंत्रणं, ओळीनं: तंबूत या, धबधब्याला या, हुरडा पार्टीला या.

"पोलीस ठाण्याला हुरडा पार्टी?"

"यादीत पत्ता व्हता, सायेब."

ही यादी कुठली? लॉजवाल्यांनी पाहुण्यांची नोंदवही ठेवावी म्हणून आम्हीच मागे लागायचो. भाऊंनी ओळखीच्या लॉजांतल्या वह्यांमधले मेलचे पत्ते उतरवून काढले होते, मुखपृष्ठावरच्या आमच्या ठाण्याच्या पत्त्यासकट! रोज हजारो लोकांना एकदम मेल. लोक वैतागून स्पॅमचं बटण दाबत.

"मी पण रोज दाबते, सर," हवालदार शांतपणे म्हणाल्या. "इतक्यांनी दाबल्यावर मेल कंपन्या ह्यांचा खरा मेलही स्पॅममध्येच टाकतात."

मी कॉलेजला फोन केला. तिन्ही मेल त्यांच्या स्पॅममध्ये सापडले. सहल वाचली. मग हवालदारांनी भाऊंना बजावलं: ती यादी आत्ता पुसा. ज्यांनी स्वतः पत्ता दिला त्यांनाच पाठवा, सुरुवातीला थोड्यांना. बंद पत्ते काढा. कुणी नको म्हटलं, की त्याच दिवशी नाव कमी करा.

"मग त्या कंपन्यांचा इस्वास कवा बसंल?"

"काही महिने लागतील."

"लय झालं की, ताई!"

औंढेकराला मी चहा पाजून माफी मागितली. त्यानं बिस्किटंही मागवली, माझ्या खर्चानं.

गुन्हेगारांच्या यादीतलं नाव वर्षानुवर्षं सरळ वागल्याशिवाय निघत नाही, हे मी अनेकांना सुनावलं होतं. पण आरोपीआधी फिर्यादीची चौकशी करावी, हे मला इतक्या उशिरा, हुरडा पार्टीच्या आमंत्रणानं शिकवलं. निवृत्तीनंतर भाऊंचा फोन आला, "सायेब, तुमाला मेल पाठवला तर चालंल का?" मी हो म्हणालो. मेल थेट इनबॉक्समध्ये आला. आमंत्रण हुरड्याचंच होतं. या वेळी मी गेलो.