उजवीकडचे चोवीस छेद

शनिवारी दुपारी बाराच्या आत छापखान्यात पोचायला हवी होती ती लेबलाची फाइल पावणेदोनला गेली. उशीर माझ्यामुळे झाला.

लेबल भाट्याच्या खाडीपलीकडच्या सात बायकांच्या गटाचे होते. छपरावर घालायचे माडाच्या झावळ्यांचे झाप विणणे हे त्यांचे जुने काम. अलीकडे त्या टोपल्या आणि चटयाही करतात. रत्नागिरीतल्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच टेबल मिळण्याची शक्यता होती. शनिवारी पाचच्या आत अर्जाला छापील लेबल जोडायचे, ही अट होती. बाराच्या आत फाइल आली तर चारला नमुना देतो, असे छापखान्याने कळवले होते.

लेबलावर झापाचे चित्र हवे होते. मी आठ उभ्या आणि सहा आडव्या पट्ट्या काढल्या. सॉफ्टवेअरमध्ये एक आकार दुसऱ्याच्या पूर्ण वर असतो किंवा पूर्ण खाली. तीच पट्टी इथे वर आणि पुढे खाली दाखवायची, तर पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे तुकडे करावे लागतात. मग प्रत्येक तुकडा उभ्या पट्टीला द्यायचा की आडव्या, हे ठरवून तो तिच्यात जोडून टाकायचा. असे अठ्ठेचाळीस छेद होते. डावीकडचे चोवीस मी केले आणि ती बाजू आरशातल्यासारखी उलटवून उजवीकडे लावली. वर्तमानपत्रात पाने लावण्याच्या नोकरीत दिवाळीच्या चौकटी मी वर्षानुवर्षे तशाच केल्या. अर्धी काढायची, अर्धी उलटवायची.

शनिवारी अकराला गटातल्या सर्वांत जुन्या काकी आणि त्यांची सून माझ्याकडे आल्या. अर्ज सुनेने भरला होता. तिला चित्र आवडले. काकींनी चष्मा लावला, पडद्यावर मधोमध बोट ठेवले आणि विचारले, "हे कोणी विणलंन?"

मी म्हणालो, मीच.

"मग तुमच्या सासूला याच्याखाली बसवू नका, भाऊ. पाणी बरोबर तिच्या डोक्यावर पडेल."

सून हसली. मी चित्र मोठे करून पाहिले. मधल्या रेषेवर प्रत्येक आडवी पट्टी लागोपाठ दोन उभ्या पट्ट्यांच्या एक तर वरून जात होती, नाही तर खालून. एक वर, एक खाली हा क्रम तिथे तुटला होता. बाजू उलटवली की असेच होणार, हे मला तोवर सुचले नव्हते.

किती वेळ लागेल, असे सुनेने विचारले. पट्ट्या कडेला गोलाईत वळवल्या होत्या, त्यामुळे डावी बाजू नुसती उजवीकडे सरकवून भागणार नव्हते. उजवी बाजू पुन्हा कापावी लागणार होती. दीड तास तरी लागेल, बाराची वेळ चुकेल, असे मी सांगितले. आहे तेच पाठवावे, असे सुनेचे म्हणणे पडले. टेबल गेले तर पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि टिकलीएवढ्या चित्रात कोण कशाला बघायला बसेल, असे तिने सासूला समजावले.

काकींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "'झाप विणणाऱ्या बाया' असं वर छापणार, आणि खाली हे? टेबल गेलं तर जाऊ दे."

मी उजवी बाजू पुसली. काकी खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि प्रत्येक छेदाला वर की खाली ते सांगत गेल्या. दोनदा मी चुकीचा तुकडा जोडला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या आधी पाहिले. सून दाराशी उभी राहून छापखान्याला फोन करत होती. माणूस थांबवून ठेवतो, पण नमुना चारला मिळणार नाही, असे उत्तर आले.

नमुना पाच वाजून पस्तीस मिनिटांनी मिळाला. सून रिक्षाने प्रदर्शनाच्या कार्यालयात गेली, तेव्हा ते बंद झाले होते. सोमवारी सकाळी अर्ज घेतला गेला. त्यावर 'उशिरा प्राप्त' असा शेरा पडला.

बुधवारी यादी लागली. प्रतीक्षा यादीत गट पहिला होता. प्रदर्शन शुक्रवारी सकाळी दहाला सुरू झाले. तोपर्यंत कोणीही टेबल सोडले नव्हते.