नाटकी म्हणायचे तिला

पडदे शिवण्याच्या कारखान्यात तिला सगळे 'नाटकी' म्हणायचे. नाव ठेवलं होतं मुकादमीणबाईंनी. काम ऐन रंगात आलं की ही मशीनवरून उठायची, ओटीपोट दाबून कापडाच्या गठ्ठ्यावर ओणवी पडायची आणि घटकाभराने पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत येऊन पुढची शिवण धरायची. "आल्या बाई, पहिला अंक संपला!" मुकादमीण म्हणायची, आणि सगळ्याजणी खो-खो हसायच्या. तीही हसायची. न हसून सांगते कोणाला?

दुखणं वयात आल्यापासूनचं. "सगळ्यांनाच दुखतं," आई म्हणाली होती, "ओठ मिटून पडायचं." लग्नानंतर मात्र ते पाळीपुरतं राहिलं नाही. पाळी सरली तरी आत काहीतरी खुपत राहायचं, शौचाला बसलं की जीव जायचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने गॅस म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्याने लघवीतला जंतुसंसर्ग म्हणून औषध दिलं. तिसऱ्याने अपेंडिक्स काढून टाकलं, तर ते चांगलं धडधाकट निघालं. सोनोग्राफीत काही दिसेना. शेवटी एकाने तिच्याकडे न बघताच सांगितलं, "मनावर घेऊ नका. एक मूल होऊ द्या, आपोआप थांबेल."

मूल काही होईना.

नवरा रंगारी होता. लोकांची घरं रंगवायचा, संध्याकाळी टर्पेंटाइनचा वास घेऊन यायचा. स्वभावाने गरीब. पण तो जवळ आला की तिच्या पोटात कोणी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, ती भिंतीकडे तोंड करायची. "माझं काही चुकतं का?" त्याने एकदा विचारलं. "नाही हो, दमलेय," ती म्हणाली. मग दर वेळी ती दमलेलीच असायची. हळूहळू त्याने विचारायचं सोडलं. एक दिवस गादी बाहेरच्या खोलीत नेली. "सकाळी लवकर निघायचं असतं, तुझी झोपमोड नको," एवढंच म्हणाला. नंतर दोघं एका घरातल्या दोन भाडेकरूंसारखी राहिली. किल्ली कुठे ठेवलीय, दूध आणायचंय का, इतपत बोलणं. भांडण म्हणून कधी झालं नाही. भांडायलाही जरा जवळीक लागते.

एका दुपारी ती मशीनवरच कोसळली. मुकादमीण हसायला गेली, आणि तिचा चेहरा बघून धावत आली. तिनेच गाडी बोलावली, तिनेच मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण केस पिकत आलेली, सावकाश बोलणारी. आजवर कोणी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं. "पाळीच्या आधी जास्त दुखतं का? शौचाला? आणि नवऱ्याजवळ असताना?" शेवटच्या प्रश्नाला हिची मान खाली गेली ती वर येईना. डॉक्टरीण थांबून राहिली. बाहेर रांग होती, तरी थांबून राहिली.

दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली, आणि काही दिवसांनी डॉक्टरणीने नवरा-बायकोला समोर बसवलं. "याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच अस्तर यांच्या पोटात बाहेरच्या बाजूला वाढलंय. पाळी आली की तेही रक्ताळतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. मग सूज येते, एकाला एक अवयव चिकटत जातो. दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत, आतडंही मागे चिकटलंय. सुरुवातीला सोनोग्राफीत हे पुष्कळदा दिसत नाही."

"आणि मूल?" नवऱ्याने विचारलं.

"काही वर्षं आधी आला असतात तर..."

"आले होते ना," ती एकदम म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "दर वेळी आलेच होते की मी."

डॉक्टरणीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बाहेर बाकावर दोघं बऱ्याच वर्षांनी एकमेकांना चिकटून बसली होती. तो नखांत अडकलेला रंग कोरत होता. "म्हणजे... मी जवळ आल्यावर दुखायचं?"

तिने मान हलवली.

"मला वाटायचं, तुला मी नकोसा झालोय."

"नाही हो."

"अगं, मग बोलायचं तरी!"

"काय बोलायचं? आणि कुठल्या तोंडाने?"

तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. एवढा बाप्या माणूस हुंदके देतोय म्हटल्यावर येणारे-जाणारे हळू चालायला लागले. त्यांना वाटलं, यांचं कोणीतरी गेलं.

ऑपरेशन झालं. पिशवी काढली, दोन्ही अंडाशयं काढली. आई उशाशी येऊन बसली. लेकीचे गुंतलेले केस विंचरता विंचरता मध्येच थांबली. "मलाही असंच व्हायचं गं. तुझ्या पाठीवर दुसरं राहिलंच नाही. पाळी गेली तेव्हा कुठे सुटले. मला वाटलं, मी काढलं तसं तूही काढशील."

तिला संताप आला. पण आई फणीत अडकलेले तिचे केस एकेक करून सोडवत होती. तिने कूस बदलली आणि दुसऱ्या बाजूचे केस आईपुढे केले.

दुखणं थांबलं. अंडाशयं गेल्यामुळे नको त्या वयात अंगातून वाफा निघायला लागल्या, तेवढं सोडलं तर ती बरी झाली. सगळे म्हणायचे, सुटलीस बाई. तीही हो म्हणायची.

एका सुट्टीच्या दिवशी दोघं बसने गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत गेली. इतका वेळ बसून प्रवास तिला पूर्वी झेपला नसता. काठावर कोणाची तरी मुलगी चपला हातात घेऊन पाण्यात उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"आपल्याला असती तर एवढी असती," तो म्हणाला.

"गप्प बसा हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "कशी असती?"

तो सांगत गेला. उंच असती, हट्टी असती, रंगाच्या डब्यांत हात घालून सगळ्या भिंती बरबटवल्या असत्या. ती पदराने डोळे पुसत ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, "केस मात्र माझ्यासारखे."