तोंड त्यांचं, आवाज माझा

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावच्या लायब्ररीतल्या हॉलमध्ये सबनीस काका पडद्याशेजारी उभे राहून सिनेमाला मराठी आवाज द्यायचे. दरवर्षी तोच जुना, ब्लॅक अँड व्हाइट फ्रेंच विनोदी सिनेमा. त्यात हॉटेलातल्या वेटरला सगळे राजदूत समजतात. मूळ आवाज बंद करून वेटर, बायका, पोलीस, सगळ्यांचे संवाद काका एकटेच बोलत. तरुणपणी ते पुण्यात फ्रेंच शिकवत. "तोंड त्यांचं, आवाज माझा," असं म्हणूनच ते सुरुवात करत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कार्यक्रम ठेवणाऱ्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी दारातच हटकलं. "केटरिंगवाले ना? मागच्या दाराने या यार. समोसे गरम आहेत ना?"

इथे स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेला माणूस मी, इस्त्रीचा शर्ट घालून सिनेमा बघायला आलेलो. माझा आवाज चढला. "मिसअंडरस्टँडिंग झालं," एवढंच ते म्हणाले. मी निघालो, तर काका पार्किंगपर्यंत मागे आले.

"जाऊ नकोस. शेवट बघ, मग हवं तेवढं भांड."

शेवटी वेटरचं बिंग फुटतं. त्याच्यापुढे वाकणारे पाठ फिरवतात. तो उसना कोट उतरवतो, दारात वळतो, ओठ हलतात. काका माझ्याकडे बघत बोलले, "मी सकाळी होतो तोच आहे, साहेब. तुम्ही कोण आहात ते मात्र आज कळलं."

सेक्रेटरींनी माफी अजूनही मागितलेली नाही, आणि मीही ते विसरलेलो नाही.

पुढे खुर्च्या भाड्याने घ्यायच्या असोत की प्रोजेक्टर, घासाघीस करायची वेळ आली की काका मला पुढे करत. "तू बोल. मी मागे बिचारा चेहरा करून उभा राहतो." आणि वेटरच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी मी दरवर्षी पहिल्या रांगेत बसायचो.

या हिवाळ्यात काका गेले. मंडळ कार्यक्रम कॅन्सल करायला निघालं. मी हट्ट धरला, सबटायटल्स लावून सिनेमा दाखवू. आधी घरी बघून घेतला. वेटर दारात वळला, ओठ हलले, खाली इंग्रजी अक्षरं आली. "माझी छत्री आत राहिली," एवढंच तो म्हणत होता.

मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. छत्रीच. भांडायचं तर काका नव्हते.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. सेक्रेटरी समोरच बसले होते. शेवटच्या प्रसंगाला मी सबटायटल्स बंद केले, आवाज बंद केला आणि पडद्याशेजारी, काकांच्या जागी जाऊन उभा राहिलो. वेटर दारात वळला. काकांचं वाक्य मी सेक्रेटरींकडे बघत बोललो.

आवाज माझाच होता. या वेळी तो चढला नाही.